अर्जातलं कारण

आयुष्यभर मी दुसऱ्यांनी सांगितलेलं टाइप करत आलो. चौतीस वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात कारकून होतो. स्वतःच्या मनाने कधी पोस्टकार्डही धड लिहिलं नाही, त्यामुळे हे कितपत जमेल शंकाच आहे. पण आमच्या ऑफिसात सहा वर्षं ज्युनिअर वकील असलेल्या एका मुलीबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं असं वाटतं, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

ती आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. अंगावर नवा काळा कोट होता, वडिलांनी शिवलेला. वडील शिंपी. कोटाला आतून एक जादा खिसा होता, आणि तो कशासाठी आहे हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाबा म्हणतात, वकिलाला काहीतरी लपवायला लागतंच." ती मला काका म्हणायची. मी तिला ताई म्हणायचो. आमच्या मोठ्या साहेबांनाही ते खटकलं नाही, कारण तिचं नाव त्यांच्या लक्षात राहायला वर्ष लागलं.

साहेब कामाला वाघ होते. सकाळी नऊला ऑफिसात, मग कोर्ट, मग पुन्हा ऑफिस, अशिलं, दुसऱ्या दिवसाच्या फायली. सुट्टीच्या दिवशीही बोलावणं यायचं. कुणी घड्याळाकडे पाहिलं तर म्हणायचे, "घड्याळ बघणाऱ्याने टपाल खात्यात जावं." ताईबरोबरच लागलेला एक ज्युनिअर चार महिन्यांत टिकाव न लागून एका कंपनीत गेला. तो कधीमधी भेटायला यायचा, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि तिला चिडवायचा, "सहा वाजता आमच्या इथे दिवे बंद करतात. तुला माहितेय का, सहा वाजता बाहेर उजेड असतो?"

"असतो का? कुणीतरी सांगितलं होतं खरं," ती म्हणायची आणि फाईलला दोरी बांधायला लागायची.

धाकट्या भावाच्या लग्नात ती पोचली तेव्हा खुर्च्या एकात एक घालून रचणं चाललं होतं. त्या दिवशी तिने एक अंतरिम अर्ज जिंकला होता. भावाच्या लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही. मैत्रिणींनी आधी बोलावणं, मग विचारणं, मग फोन करणंही सोडलं. वडील मात्र रोज दुपारी फोन करायचे. ती "बाबा, कोर्टात आहे" म्हणून ठेवून द्यायची. त्यांना राग यायचा नाही. एकदा कोटाची बाही सैल करून द्यायला ते ऑफिसात आले होते, तेव्हा मला म्हणाले, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आणि आमची शहाणी रोज चढते. बघा म्हणजे!" बोलके गृहस्थ होते. पाऊण तास बसले, त्यात माझ्या वाट्याला तीन-चार वाक्यं आली असतील. कपडा बेतताना, शिवताना, काजं करताना त्यांची जीभ सुईच्या पुढे धावत असणार.

आता आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीतूनच झालं.

साहेबांची एकाच दिवशी तीन-तीन कोर्टांत कामं असायची. एका ठिकाणी साहेब उभे राहायचे, बाकीच्या ठिकाणी ज्युनिअरने जाऊन मुदतीचा अर्ज द्यायचा आणि पुढची तारीख घ्यायची. ताई इतक्या तारखा घ्यायची की कोर्टातले शिपाई तिला तारीखबाई म्हणायला लागले. "आल्या तारीखबाई! आज काय, ताप की पाहुणे?" कारण अर्जात काहीतरी कारण लिहावं लागतं. ही कारणं मी लिहायचो. साहेबांना ताप, साहेबांचे डोळे आले, अशील परगावी, कागद मिळाले नाहीत, ज्युनिअर वकिलांच्या घरी आजारपण. खरं कारण एकच असायचं, की तयारी नाही किंवा साहेब दुसरीकडे आहेत. ते कुणी लिहीत नाही. मीही कधी लिहिलं नाही.

एकाच न्यायाधीशांपुढे एकच कारण दोनदा जाऊ नये म्हणून मी एक वही ठेवली होती. कुठल्या दाव्यात, कुठल्या तारखेला, कुठलं कारण. अर्ज करण्याआधी वही बघायची. तोवर माझी एकदाही फसगत झाली नव्हती, आणि याचा मला, आता सांगायला लाज वाटते, अभिमान होता. अर्जांचा गठ्ठा मी ताईपुढे ठेवायचो आणि ती चहा पिता पिता सह्या करत जायची. वाचायला वेळ कुणाला होता?

एका दाव्यात आमचा अशील दुकानदार होता, भाडेकरू. समोर एक म्हातारी, त्या जागेची मालकीण. दुकानामागच्या खोलीत तिला स्वतः राहायला यायचं होतं. खरं सांगायचं तर दुकानदाराला जितका उशीर होईल तितका हवाच होता. आजी प्रत्येक तारखेला यायच्या. जिना चढून आल्यावर पहिल्या बाकावर बसून धाप ओसरेपर्यंत पिशवी पोटाशी धरायच्या. त्यांची उलटतपासणी दीड-दोन वर्षं लांबत गेली. शेवटी न्यायाधीशांनी नोंद केली, शेवटची संधी.

याच सुमाराला ताईच्या वडिलांचा आवाज बसला. आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, बोलून बोलून झिजला म्हणून. दोन महिन्यांनी तपासणीत घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

ताईने हे मला जिन्यात सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "काका, मी गेल्या सहा वर्षांत त्यांच्याशी नीट बोललेय कधी, मला आठवत नाही. त्यांना गुरुवारी सव्वाअकराला आत नेणार आहेत. तोपर्यंत मला तिथे पोचायचंय. बाकी काही नको."

आणि आजींच्या उलटतपासणीची तारीख नेमकी तोच गुरुवार.

साहेबांना वरच्या कोर्टात दुसऱ्या गावी जायचं होतं. ते म्हणाले, "शेवटची संधी दिलेली आहे, नुसता कारकून पाठवून चालणार नाही. तू स्वतः उभी राहा. खरं कारण आहे, कोण नाही म्हणेल? साडेदहाला कोर्ट बसेल, दहा मिनिटांत सुटशील." हिशेब बरोबर होता. कोर्टापासून हॉस्पिटल वीस मिनिटांवर.

गुरुवारी सकाळी ती आधी हॉस्पिटलमध्ये जाऊन आली. वडील गोळीच्या गुंगीत झोपले होते. आई उठवायला निघाली तर हीच म्हणाली, "झोपू दे, मी येतेच अकराच्या आत." तिथून थेट कोर्टात आली आणि बाकावर बसून स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. वडिलांवर आज तातडीची शस्त्रक्रिया असल्याने हजर राहणे आवश्यक आहे, सबब मुदत मिळावी. मला दाखवला. मी वाचून मान हलवली. वही ऑफिसात होती. ती बघावी असं तिच्या मनात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही. वही खोट्या कारणांसाठी होती.

पुकारा झाला. तिने अर्ज पुढे केला. आजींचे वकील, जाड चष्म्याचे, शांत गृहस्थ, उठून म्हणाले, "सर, याच दाव्यात पावणेदोन वर्षांपूर्वीचा अर्ज बघावा."

न्यायाधीशांनी पानं मागे उलटली. थांबले. मोठ्याने वाचलं, "ज्युनिअर वकिलांच्या वडिलांवर तातडीची शस्त्रक्रिया असल्याने." मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, ही सही तुमची?"

तिने पुढे जाऊन पाहिली. "हो सर. माझी."

"तेव्हा शस्त्रक्रिया झाली होती?"

मी तिच्या मागे दोन पावलांवर, फायली छातीशी धरून उभा होतो. तो अर्ज मी टाइप केला होता. कारण मी शोधलं होतं. पुढे होऊन एक वाक्य बोलायचं होतं, सर, हे माझं काम आहे, यांनी वाचलं नव्हतं. मी फाईलवरचा नंबर वाचत राहिलो.

"नाही सर," ती म्हणाली. "तेव्हा नव्हती. आज आहे. कागद भावाकडे आहेत, हॉस्पिटलमध्ये."

कुणीतरी मागे हसलं. चष्मेवाले वकील मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम खोटं बोलत असतील असं मी म्हणत नाही. पण माझ्या अशील एकाहत्तर वर्षांच्या आहेत. आज त्या अकराव्यांदा आल्यात."

न्यायाधीश वाईट नव्हते. थोडा वेळ ते पेनाने टेबलावर ठकठक करत राहिले. मग म्हणाले, "आज तुमचं खरं असेलही. पण या कागदावर मी विश्वास कसा ठेवू? उलटतपासणी करायची असेल तर आत्ता सुरू करा. जायचं असेल तर जा, मी अडवत नाही. पण मग उलटतपासणी नाही, अशी नोंद करीन."

म्हणजे दावा गेल्यातच जमा. दुकानदाराचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, माझी पोरंबाळं आहेत हो," तो मागून कुजबुजला.

भिंतीवरच्या घड्याळात दहा पन्नास झाले होते. मला आजही वाटतं, तिने जायला हवं होतं. दुसरी एखादी गेली असती आणि कुणी बोट दाखवलं नसतं. ती तशीच उभी राहिली. मग मागे वळून तिने खिशातला फोन काढला, माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "बाहेर बसा. फोन आला तर घ्या." आणि पुढे होऊन म्हणाली, "सर, सुरू करते."

कोर्टाच्या दारावर पाटी होती, आत फोन वाजल्यास जप्त करण्यात येईल. दाराशी स्टुलावर शिपाई. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. अकरा वाजून आठ मिनिटांनी फोन थरथरला. पडद्यावर बाबा.

"कोण?" आवाज घोगरा, अर्धा हवेचा.

"मी, ऑफिसातला. ताई आत आहेत. उलटतपासणी चाललीय."

"स्वतः करतेय? मोठे साहेब नाहीत?"

"नाहीत. एकट्याच."

"अस्सं!" ते खूश झाले, हे फोनवरही कळलं. "मग हाक नका मारू. कात्री चालू असताना कापणाऱ्याला हाक मारू नये, कापड वाया जातं."

मागून कुणीतरी चाकांची खुर्ची आणल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "अहो, एक करता का? दार जरा उघडून फोन आत धरता? एक मिनिट. तिला कोर्टात बोलताना मी कधी ऐकलंच नाही."

मी दाराकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. शिपायाकडे पाहिलं. म्हणालो, "इथे फोन जप्त करतात हो."

"हो का? मग राहू दे, राहू दे. तुमच्यावर बालंट नको." ते हसले, त्यातून खोकला आला. "तिला सांगा, जेवून ये म्हणावं. उपाशी धावत येऊ नको. आणि तिच्या आईला इथल्या लिफ्टची भीती वाटते, सांगत नाही कुणाला. तिला जिन्याने ने म्हणावं. आणखी काय... बस. आले हे लोक. ठेवतो."

ताई बारा चाळीसला बाहेर आली. कपाळावर केस चिकटले होते. "आला होता?"

मी सांगितलं. कात्रीचं, जेवणाचं, लिफ्टचं. शब्दाला शब्द. ती ऐकताना माझ्या तोंडाकडे बघत होती, जणू आवाज तिथे अजून थोडा शिल्लक असेल.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो.

दाराचं मी सांगितलं नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. वडील त्यानंतर पाच वर्षं जगले. गळ्याला जाळीचा रुमाल बांधून मशीनवर बसायचे, गिऱ्हाइकाला काही सांगायचं तर खडूने कापडाच्या तुकड्यावर लिहून दाखवायचे. लिखाणातही पाल्हाळ होतं, असं ताई सांगायची.

परगावाहून आल्यावर साहेबांनी उलटतपासणी वाचली आणि फार खूश झाले. "बाईला पिंजऱ्यात पार उघडी पाडलीस की! नऊ वर्षं ती लेकीकडे राहतेय, हे तिच्याच तोंडून काढलंस. आता तू तयार झालीस." दोन दिवसांनी तिने जुन्या अर्जाची प्रत काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"काका, हे तुम्ही लिहिलंय."

"हो."

"आणि मी वाचलं नाही."

"हो."

"मग निम्मं निम्मं," ती म्हणाली आणि प्रत फाईलला परत लावली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

महिनाभराने तिने ऑफिस सोडलं. साहेब म्हणाले, "एका दिवसासाठी सहा वर्षांवर पाणी सोडतेस?" ती म्हणाली, "साहेब, तो एक दिवस सहा वर्षं तयार होत होता." मग ती एका विमा कंपनीत कायदा अधिकारी म्हणून लागली. साडेपाचला सुटायची. तीन वर्षं घरी जाऊन वडिलांच्या गळ्यातल्या नळीची सफाई स्वतः करायची. लोक म्हणाले, चांगली उभी राहत होती, खुर्चीत बसली. इस्त्रीच्या शर्टवाला मित्र म्हणाला, "या, या. उजेडात स्वागत आहे." तिथे तिचं मन रमलं असं नाही. दुपारी जेवायला बाहेर पडली की पाय कोर्टाच्या रस्त्याला वळतात, असं एकदा म्हणाली होती. पण तिने ती वर्षं काढली.

नंतर तिने स्वतःचं ऑफिस थाटलं, एका दवाखान्याच्या वर, दोन खोल्यांचं. तोवर मी निवृत्त झालो होतो. आठवड्यातून तीन दिवस टाइप करायला याल का, असं तिने विचारलं, मी गेलो. तिच्याकडे दिवसाला चारच्या वर कामं लावत नाहीत. जास्त अशिलं आली तर ती दुसऱ्या वकिलाचा पत्ता देते. नाव कमी झालं, घर चालतं. आणि तिच्या अर्जांत खरं कारण असतं. तयारी झाली नसेल तर 'वकिलांची तयारी झालेली नाही', असं ती सांगते आणि मी टाइप करतो. पहिल्यांदा न्यायाधीशांनी तो कागद उलटून पाहिला, मागे आणखी काही आहे का म्हणून. दंड लावला. तिने भरला. बार रूममध्ये चेष्टा झाली, "तारीखबाई आता सत्यवचनी झाल्या." दोनतीन वर्षांत मात्र असं झालं की तिने घरचं कारण लिहिलं तर कुणी पान मागे उलटत नाही.

गेल्या वर्षी वडील गेले. दिवस झाल्यावर ती ऑफिसात आली त्या दुपारी अशील कुणी नव्हतं. तिने विचारलं, "काका, त्या दिवशी बाबा काय म्हणाले, परत एकदा सांगता? जसं म्हणाले तसं."

मी सांगायला लागलो. कात्रीपर्यंत आलो आणि पुढे जाता येईना. मग मी दाराचं सांगितलं. पाटीचं, शिपायाचं. मी काय उत्तर दिलं ते.

खाली दवाखान्यात कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.

"दार किती लांब होतं?"

"आठ-दहा पावलं."

"किती वाजले होते म्हणालात?"

"अकरा आठ. दहा धरा."

तिने डोळे मिटले. मला वाटलं आता ती मला जा म्हणेल, आणि मी तयारच होतो. पण ती आठवत होती.

"अकरा दहाला मी त्या आजींना लेकीबद्दल विचारत होते," ती म्हणाली. "नऊ वर्षं लेकीकडेच राहताय, तिने काही तुम्हाला घरातून काढलेलं नाही, हे खरं ना? जोरात विचारलं होतं, काका. त्यांनी नुसती मान हलवली, तर मी म्हटलं, मान हलवून चालणार नाही, तोंडाने बोला. आणि त्या रडायला लागल्या." ती थांबली. "तुम्ही दार उघडलं असतं तर बाबांनी हे ऐकलं असतं."

दार न उघडल्याबद्दल ती मला माफ करत होती असं नाही. तिचा चेहरा तसा नव्हता. आणि बरं झालं असंही ती म्हणाली नाही.

"तरी ऐकायला हवं होतं त्यांनी," थोड्या वेळाने ती म्हणाली. "जशी होते तशी."